घड्याळ लावा कोडला!

२०२४ च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड यांना अर्ध्या सेकंदानं भंडावून सोडलं होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे हे प्रोग्रामर काही बारीक मोजमापं घेत होते. अशा वेळी मशीन शांत असावं लागतं. पण दुरून लॉगिन करू देणारी एसएसएच सेवा उगाचच प्रोसेसर खात बसली होती. चुकीचं नाव देऊन आत शिरू पाहणाऱ्यांना ती हाकलून देत होती खरी, पण तेवढ्यासाठीही प्रोसेसरला चांगलंच राबवत होती. फ्रॉइंड यांनी तिला वेळ मोजणारी साधी 'टाइम' कमांड लावली. पूर्वी ०.२९९ सेकंदात उरकणारं काम आता ०.८०७ सेकंद घेत होतं. त्या फरकाचा माग काढत ते एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीपर्यंत पोचले आणि तिथे त्यांना कुणीतरी मोठ्या हुशारीनं पेरलेला चोरदरवाजा सापडला. ही लायब्ररी बहुतेक सगळ्या लिनक्स मशीनवर असते. बिघडवलेली आवृत्ती काही लिनक्सच्या चाचणीच्या आवृत्त्यांत शिरलीही होती, तिथून जगभरच्या सर्व्हरवर जायच्या वाटेवर होती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी सगळं जाहीर केलं आणि ती वाट बंद झाली.

हे सगळं कळलं ते कुणीतरी वेळ मोजला म्हणून. कोडला किती वेळ लागतो हे मोजणारा छोटा टायमर क्लास प्रोग्रामिंग शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी लिहितो. सुरू कर, थांब, किती झाला ते सांग. तीन मेथड, दहा-बारा ओळी, संपलं काम. पण त्या दहा-बारा ओळींतली प्रत्येक ओळ म्हणजे एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयांमागे भन्नाट गोष्टी दडलेल्या आहेत.

भिंतीवरचं घड्याळ मागेही जातं

पहिला निर्णय: घड्याळ कोणतं वापरायचं? सगळ्यात आधी सुचतं ते 'आत्ता किती वाजले' असं कंप्युटरला विचारायचं, काम झाल्यावर पुन्हा विचारायचं आणि वजाबाकी करायची. नेमकं हेच करायचं नसतं.

कारण 'किती वाजले' सांगणारं घड्याळ सरळ पुढे जात नाही. कंप्युटरमधला क्वार्ट्झ थोडा पुढेमागे होतो, मग इंटरनेटवरची वेळसेवा त्याला ओढून जागेवर आणते. कधी माणूस हातानं वेळ बदलतो. आणि तारखेसकट स्थानिक वेळ वापरली तर आणखी मजा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजले की काटे एक तास मागे घेतात. समजा तिथल्या सर्व्हरवर १ वाजून ५९ मिनिटांनी एक काम सुरू झालं आणि दोन मिनिटांत संपलं. संपलं तेव्हा घड्याळात १ वाजून १ मिनिट. तुमचा टायमर सांगेल: उणे ५८ मिनिटं! पुण्यात बसून अमेरिकन ग्राहकासाठी कोड लिहिणाऱ्या मंडळींना ही चूक आपल्या मशीनवर कधीच दिसत नाही, कारण भारतात काटे हलवत नाहीत. (पूर्वी हलवले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ मध्ये, भारतातली घड्याळं एक तास पुढे होती.)

यावर कुणी म्हणेल, मग जागतिक प्रमाणवेळ वापरू, तिथे उन्हाळा-हिवाळा नाही. खरंय, पण तिथे लीप सेकंद आहे. पृथ्वीच्या लहरी फिरण्याशी घड्याळ जुळवून ठेवायला १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत २७ वेळा एकेक सेकंद घुसवला गेला. शेवटचा घुसला तो २०१७ चं नववर्ष उजाडताना, भारतात पहाटेचे साडेपाच वाजत होते तेव्हा. त्या क्षणी क्लाउडफ्लेअर या कंपनीचे काही डीएनएस सर्व्हर कोसळायला लागले. त्यांचा प्रोग्राम गो भाषेत लिहिलेला होता. कुठला सर्व्हर किती लवकर उत्तर देतो हे तो मोजायचा, साध्या वजाबाकीनं. लीप सेकंदात घड्याळ क्षणभर मागे गेल्यासारखं झालं, उत्तर प्रश्नाच्या आधीच आलं असा निकाल निघाला, आणि ती उणे संख्या पुढे अशा फंक्शनला मिळाली जे उणे संख्या दिसताच हात वर करतं. दुरुस्ती किती होती सांगू? 'शून्य असेल तर' या अटीचं 'शून्य किंवा कमी असेल तर' असं केलं. एका अक्षराचा बदल!

याची दखल गो भाषेनंही घेतली. त्याच वर्षी आलेल्या १.९ आवृत्तीपासून गोमधली 'आत्ताची वेळ' दोन घड्याळं सोबत घेऊन फिरते: एक माणसाला दाखवायला, एक वजाबाकीला. जुना कोड एका ओळीचाही बदल न करता सुधारला. लीप सेकंदाची पद्धतच आता २०३५ पर्यंत बंद करायची, असं २०२२ मध्ये जगातल्या देशांनी ठरवलं आहे. पण काटे मागे घेणारे देश आहेतच, तेव्हा सुटका नाही.

ज्या आकड्याला अर्थ नाही, तोच कामाचा

मग वजाबाकीसाठी वापरायचं तरी काय? मोनोटॉनिक घड्याळ: कधीच मागे न जाणारं. पायथनमध्ये 'परफ काउंटर', जावात 'नॅनो टाइम', सी प्लस प्लसमध्ये 'स्टेडी क्लॉक', रस्टमध्ये 'इन्स्टंट'. गंमत म्हणजे या घड्याळाला किती वाजले ते माहीतच नसतं. लिनक्सवर ते साधारण मशीन सुरू झाल्यापासून मोजतं. जावाच्या नियमांनुसार तर त्याचा आरंभबिंदू भविष्यातलाही असू शकतो, म्हणजे आकडा उणे निघू शकतो, आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. एकट्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. दोन आकड्यांमधल्या फरकाला मात्र सोन्याचा भाव.

याच लिनक्सच्या घड्याळाची आणखी एक खोड आहे. लॅपटॉप मिटून झोपवला की तेही झोपतं. दुपारी काम सुरू करून झाकण लावलं, संध्याकाळी उघडलं, तर मधले तास त्याच्या हिशेबात नाहीत. झोपेतला वेळही धरायचा असेल तर 'बूटटाइम' नावाचं वेगळं घड्याळ मागावं लागतं.

पायथनकडे पूर्वी 'क्लॉक' नावाचं एक फंक्शन होतं. युनिक्सवर ते प्रोसेसरनं खर्च केलेला वेळ सांगायचं आणि विंडोजवर बाहेर प्रत्यक्ष गेलेला वेळ. एकच नाव, दोन मशीनवर दोन अर्थ! २०१२ मधल्या ३.३ आवृत्तीत त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली, 'परफ काउंटर' त्याच आवृत्तीत आला, आणि ३.८ मध्ये 'क्लॉक' कायमचं गेलं.

सी प्लस प्लसमध्ये तर 'हाय रेझोल्यूशन क्लॉक' असं भारदस्त नावाचं घड्याळ आहे. नाव ऐकून नवशिक्या धावत तेच उचलतो. पण ते स्वतंत्र घड्याळ बहुधा नसतंच, दुसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाचं टोपणनाव असतं. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ते 'स्टेडी क्लॉक'कडे बोट दाखवतं, तर जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत 'सिस्टिम क्लॉक'कडे, म्हणजे त्याच मागे जाऊ शकणाऱ्या घड्याळाकडे. तेव्हा टायमर लिहिताना थेट 'स्टेडी' मागावं.

दोन घड्याळं, तीन उत्तरं

सुरुवातीला आलेली 'टाइम' कमांड लावून बघा. ती तीन आकडे देते. पहिला 'रिअल', म्हणजे प्रत्यक्ष गेलेला वेळ. दुसरा 'यूजर', म्हणजे तुमच्या कोडसाठी प्रोसेसर राबला तेवढा. तिसरा 'सिस', म्हणजे तुमच्या वतीनं ऑपरेटिंग सिस्टिम राबली ती. प्रोग्रामला पाच सेकंद झोपायला सांगा: रिअल पाच, बाकी दोन जवळजवळ शून्य. उलट, आठ कोरवर काम वाटून द्या आणि यूजरचा आकडा रिअलच्या कितीतरी पट मोठा दिसेल. खोटं कुणीच बोलत नाही. क्लास लिहिण्याआधी आपला प्रश्न कोणता ते ठरवायचं: वापरणारा किती खोळंबला, की प्रोसेसर किती राबला?

काटा पुन्हा शून्यावर येतो तेव्हा

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मोजणारा आकडा साठवायचा कशात?

३२ बिटांत मिलिसेकंद मोजले तर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाता येतं आणि मग पुन्हा शून्य. हा काळ होतो ४९.७ दिवसांचा. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये नेमकी ही चूक होती: मशीन ४९.७ दिवस सलग चालू राहिलं तर ते गोठू शकायचं. ज्यांनी आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डावर खेळ केलेत त्यांना हा आकडा ओळखीचा असेल. तिथलं 'मिलिज' हे फंक्शन साधारण ५० दिवसांनी शून्यावर येतं आणि मायक्रोसेकंद मोजणारं 'मायक्रोज' तर ७० मिनिटांतच. बागेला पाणी सोडणारा आर्डुइनो दीड महिना उत्तम चालतो आणि मग एके दिवशी पाणीच सोडत नाही, असा प्रकार होतो तो यामुळे.

यावरचा उपाय इतका देखणा आहे की जवळून बघायलाच हवा. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. समजा त्याला दोनच घरं आहेत: ०० ते ९९. निघताना काटा ९५ वर होता, पोचल्यावर ०७ वर. किती अंतर झालं? ०७ वजा ९५ म्हणजे उणे ८८, पण दोन घरांच्या काट्यावर उणे नसतंच, फिरून येतं १२. आणि खरंच आपण १२ किलोमीटर आलो! उणे चिन्ह नसलेल्या पूर्णांकांची वजाबाकी अगदी अशीच चालते. म्हणून 'आत्ता वजा सुरुवात, हे ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त आहे का' असं विचारलं तर काटा शून्यावरून गेला तरी उत्तर बरोबर येतं. पण 'आत्ता, हे सुरुवात अधिक मुदत यापेक्षा मोठं आहे का' असं विचारलं की घोटाळा. शाळेच्या गणितात दोन्ही वाक्यं एकच. फिरणाऱ्या काट्यावर एक कायम टिकतं, दुसरं ५० दिवसांनी पडतं. जावाच्या 'नॅनो टाइम'च्या माहितीपत्रकातही हाच सल्ला आहे: दोन आकड्यांची थेट तुलना करू नका, वजाबाकी करून ती शून्याशी ताडून बघा. तिथे काटा फिरायला २९२ वर्षं लागतात, तरीही सल्ला दिला आहे. मला ही काटेकोर वृत्ती फार भावते.

विमानांनाही हे चुकलेलं नाही. बोइंग ७८७ ची जनित्र सांभाळणारी नियंत्रणयंत्रं २४८ दिवस सलग चालू राहिली तर आतला एक काउंटर ओसंडून ती बंद पडू शकतात, आणि चारही एकाच वेळी सुरू केलेली असतील तर चारही एकदम, असा इशारा अमेरिकेच्या विमान प्राधिकरणानं २०१५ मध्ये दिला. २४८ च का? चिन्हासकट ३२ बिटांत सेकंदाचे शंभरावे भाग मोजा: २,१४,७४,८३,६४८ भागिले १००, भागिले दिवसाचे ८६,४०० सेकंद. येतात २४८.५५ दिवस. उपाय होता विमानाची वीज ठरावीक काळानं एकदा पूर्ण बंद करून चालू करणं.

आणि एक गोष्ट अशी, जी टायमर लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी वाचावी. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. पॅट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी १०० तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकात मोजायचं, ते अगदी बरोबर. पण त्याचे सेकंद करताना त्या आकड्याला ०.१ नं गुणायचं होतं, आणि ०.१ ही संख्या बायनरीत पूर्ण लिहिताच येत नाही, जशी एक तृतीयांश दशांशात येत नाही. २४ बिटांनंतरची शेपूट कापली गेली. दर वेळी चूक सेकंदाच्या कोट्यंशाइतकी. १०० तासांत साठत साठत ०.३४ सेकंद. येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं, त्यामुळे पॅट्रियटनं आकाशात चुकीच्या जागी पाहिलं. बराकीत २८ अमेरिकन सैनिक मरण पावले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

म्हणून टायमरमध्ये पूर्णांक टिक साठवावेत आणि सेकंद, मिलिसेकंद हे रूपांतर अगदी शेवटी, दाखवताना, एकदाच करावं. पायथननंही ३.७ आवृत्तीत नॅनोसेकंद पूर्णांकात देणारी वेगळी फंक्शनं आणली ती याच विचारानं: दशांश संख्येत सेकंद ठेवले तर १०४ दिवसांनंतर एका नॅनोसेकंदाची अचूकता हातची जाते.

एक नॅनोसेकंद, हातात धरून

अमेरिकन नौदलातल्या ग्रेस हॉपर, कंपायलरच्या जगातलं आद्य नाव, व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या. प्रत्येक तुकडा ११.८ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटरला किंचित कमी. वीज किंवा प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकतो. उपग्रहामार्फत निरोप जायला इतका वेळ का लागतो, असं विचारणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या तार दाखवायच्या. मायक्रोसेकंद दाखवायला ९८४ फुटांचं वेटोळं होतं.

आजचा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर त्या एका तुकड्यात तीन ठोके टाकतो. ते ठोके मोजणारा काउंटर इंटेलनं १९९३ च्या पेंटियमपासून चिपमध्येच बसवला. ६४ बिटांचा असल्यामुळे तो ३ गिगाहर्ट्झवर जवळपास १९५ वर्षं भरत नाही. पण त्याचेही बालपणीचे आजार होते: बॅटरी वाचवायला प्रोसेसरनं वेग कमी केला की ठोकेही मंदावायचे आणि दोन कोरचे आकडे जुळायचे नाहीत. आताच्या चिपमध्ये तो ठरलेल्या एकाच लयीत चालतो.

थोडं मागे गेलं तर, लुई म्वाने या फ्रेंच घड्याळजीनं १८१६ मध्ये ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं स्टॉपवॉच पूर्ण केलं. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या आजच्या व्हिडिओ गेममध्ये एका फ्रेमला मिळणारा वेळही बरोब्बर तेवढाच!

टायमर मुद्दाम बोथट केला

जास्त अचूक म्हणजे जास्त चांगलं, असं वाटतं ना? ब्राउझर बनवणाऱ्यांना २०१८ च्या जानेवारीत उलटं करावं लागलं. स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष तेव्हा जगजाहीर झाला. एखादी गोष्ट प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये असेल तर काही नॅनोसेकंदांत मिळते, मुख्य मेमरीतून आणायची तर शंभरेक नॅनोसेकंद लागतात. एवढासा फरक मोजता आला की दुसऱ्याची गुपितं एकेक बिट करून ओढून काढता येतात. म्हणजे हल्लेखोराचं हत्यार होतं टायमर. फायरफॉक्सनं दुसऱ्याच दिवशी आपल्या 'परफॉर्मन्स नाऊ' या घड्याळाचा बारीकपणा ५ मायक्रोसेकंदांवरून २० वर आणला, पुढे काही काळ चक्क २ मिलिसेकंदांवर.

तेवढ्यानं भागलं नाही. टायमर नसला तरी टायमर बनवता येतो: एका थ्रेडला 'नुसता आकडा वाढवत बस' असं सांगायचं आणि दुसऱ्यानं तो आकडा डोकावून बघायचा. झालं घड्याळ! म्हणून दोन थ्रेडना एकच मेमरी वापरू देणारी सोयही ब्राउझरनी तात्पुरती बंद केली.

शून्य सेकंदांत शंभर कोटी

टायमर अचूक, घड्याळ योग्य, तरी उत्तर भलतंच, असंही होतं. एक ते शंभर कोटींची बेरीज करणारा लूप सी प्लस प्लसमध्ये लिहा, ऑप्टिमायझेशन चालू ठेवा. क्लँग हा कंपायलर लूपच उडवून टाकतो आणि तिथे बेरजेचं सूत्र बसवतो. टायमर सांगतो: जवळजवळ शून्य. बेरीज पुढे कुठे वापरलीच नाही तर सूत्रही उडतं. तुम्ही मोजलं ते रिकामं घर. म्हणून मोजायच्या कामाचं उत्तर कुठेतरी छापावं, वापरावं. जावाच्या जेएमएच या मोजमापाच्या साधनात तर उत्तरं गिळून टाकायला खास 'ब्लॅकहोल' नावाची वस्तू आहे.

पायथनमधल्या जनरेटर फंक्शनला टायमर लावला तर तोही शून्याच्या आसपास दाखवतो. कारण जनरेटर आळशी: हाक मारली तेव्हा तो फक्त तयार होतो, काम सुरू होतं पहिली किंमत मागितल्यावर. ग्राफिक्स कार्डावर एआयची मॉडेल चालवणाऱ्यांचाही असाच गैरसमज होतो. कार्डाकडे काम सोपवलं की नियंत्रण लगेच परत येतं, टायमर थांबतो आणि कार्ड मात्र अजून गणितं करतच असतं. थांबवण्यापूर्वी 'सगळं झालं का' असं कार्डाला विचारावं लागतं.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट २००९ च्या एका शोधनिबंधात आहे. मिटकोविच, दिवाण, हाउसविर्थ आणि स्वीनी या चौघांनी दाखवलं की प्रोग्राम तोच, मशीन तेच, फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची लांबी बदलली तरी वेग बदलतो. ही माहिती प्रोग्रामच्या स्टॅकच्या तोंडाशी ठेवली जाते, ती लांबली की स्टॅक सरकतो आणि मेमरीतल्या जागा वेगळ्या जुळतात. तिच्यात तुमचं यूजरनेमही असतं. म्हणजे लांब नावाच्या माणसाचा आणि छोट्या नावाच्या माणसाचा तोच प्रोग्राम कमीजास्त वेगानं धावू शकतो! मी अमुक सुधारणा केली आणि कोड तीन टक्के सुधारला, असं कुणी सांगितलं की मला हा निबंध आठवतो.

त्यामुळे एकदा मोजून भागत नाही. पायथनचं 'टाइमइट' न सांगता दहा लाख वेळा कोड चालवतं आणि तेवढ्यापुरता मेमरीचा सफाई कामगार, म्हणजे गार्बेज कलेक्टर, सुट्टीवर पाठवतं. त्याचा आणखी एक सल्ला पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतो: अनेक फेऱ्या करा, पण सरासरी नको, सगळ्यात कमी आकडा घ्या. कारण सोपं आहे. दुसरे प्रोग्राम मध्ये आले तर वेळ वाढतोच, कमी कधी होत नाही. सर्वांत छोटा आकडा म्हणजे सर्वांत कमी अडथळे आलेली फेरी. छोट्या कोडसाठी हे मला पटतं. पण वेबसाइट वापरणाऱ्याला किती ताटकळावं लागतं हे बघायचं असेल तर सगळ्यात वाईट फेऱ्याच बघायला हव्यात.

क्लासचा स्वभाव

आता प्रत्यक्ष क्लास. चालू टायमरला पुन्हा 'सुरू हो' म्हटलं तर? डॉटनेटमधलं स्टॉपवॉच गप्प राहतं, काहीच करत नाही. थांबवून परत सुरू केलं तर शून्यापासून नाही, जिथे थांबलं तिथून पुढे मोजतं. शून्यापासून हवं तर 'रिस्टार्ट'. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याच्या टायमरनं गप्प राहू नये, सरळ एरर द्यावी. चुकीच्या क्रमानं लावलेला टायमर मुकाट्यानं आकडा देतो तेव्हा तो आकडा पुढे कुणाच्या तरी अहवालात जातो.

त्याच स्टॉपवॉचमध्ये एका टिंबाची करामत आहे. 'इलॅप्स्डटिक्स' वेगळं आणि 'इलॅप्स्ड', मग टिंब, मग 'टिक्स' वेगळं. पहिले टिक हार्डवेअरच्या काउंटरचे, दुसरे नेहमी १०० नॅनोसेकंदांचे. विंडोज १० वर दोन्ही सहसा सारखेच निघतात, म्हणून चूक कळत नाही. तोच कोड लिनक्सवर न्या, आकडे शंभर पटींनी वेगळे!

सी प्लस प्लसवाल्यांची लाडकी युक्ती म्हणजे ऑब्जेक्ट जन्मला की सुरू, मेला की थांब. कंसातून बाहेर पडताना तो आपोआप मरतो आणि वेळ छापतो. सुंदर कल्पना, फक्त ऑब्जेक्टला नाव द्यायला विसरायचं नाही. बिननावाचा ऑब्जेक्ट त्याच ओळीच्या शेवटी मरतो आणि तुम्ही मोजता निव्वळ त्याचं क्षणभंगुर आयुष्य.

पायथनमध्ये हेच काम 'विथ' करतं, २००६ च्या २.५ आवृत्तीपासून. ब्लॉकमध्ये शिरताना 'परफ काउंटर' वाचायचा, बाहेर पडताना पुन्हा वाचायचा. मधल्या कोडनं एरर फेकली तरी बाहेर पडण्याची मेथड चालतेच, टायमर अर्धवट लटकत नाही. आणि क्लासनं वेळ छापायचा नाही, परत द्यायचा. छापणं हे कोडच्या दृष्टीनं मोठं संथ काम, शिवाय त्या आकड्याचं पुढे काय करायचं ते वापरणाऱ्याला ठरवू द्यावं.

आणि हो, मराठीतून!

पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात. क्लासचं नाव वेळमापक, मेथडची नावं सुरू, थांब, गेलेला_वेळ. बिनधास्त लिहा, चालतं. '२५००' हा देवनागरी मजकूर 'इंट'ला दिला तर तो निमूटपणे संख्याही करून देतो. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिलेला मात्र चालत नाही. आणखी एक खबरदारी 'दुसऱ्या_फेरीचा_वेळ' असलं नाव लिहिताना घ्यायची. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ नं घडवतात, ते पायथनला चालतं. काही कीबोर्ड साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून घडवतात, ते दिसायला हुबेहूब असतं आणि पायथन तिथेच एरर देऊन थांबतो.